‘सेल्युलर इम्यून रिस्पॉन्स बूस्ट होतो’, हे मराठीत कसं म्हणाल?

रंकाळाकाठ: एचआयव्हीच्या, एकीमागून दुसरी अशा द्यायच्या प्रायोगिक लसींवरचं माहितीपत्रक मराठीत करतेय, गावच्या बैठकांत वाचून दाखवायला. शीर्षकातल्या वाक्यावर अडले. मी लिहिलं, ‘दुसऱ्या लसीने पेशीय प्रतिकारशक्ती वाढते’. कागलकडच्या एका गावात वाचलं तर एक काकू म्हणाल्या, “डेंग्यूत कमी होतात त्या पेशी वाढवायची लस काय?” भलताच अर्थ पोचला. मला म्हणायचंय, विषाणू शिरलेली पेशी ओळखून तिला मारणाऱ्या टी-पेशी तयार होतात.

जुना_मास्तर: ‘पेशीय’ अचूक आहे, बदलू नका. कळत नाही म्हणून शब्द टाकायचा नसतो, रुजवायचा असतो. करोनात ‘प्रतिपिंड’ घरोघरी पोचलाच ना?

लॅबवाली: सर, घरोघरी ‘अँटीबॉडी’ पोचलं. रिपोर्ट मी देते, लोक तेच विचारतात.
ताई, मला ‘पेशीय’पेक्षा ‘प्रतिकारशक्ती वाढते’ खटकतं. स्टेप नावाच्या चाचणीतल्या एचआयव्हीच्या लसीनं टी-पेशींचा प्रतिसाद आणला होता, तरी संसर्ग टळला नाही आणि 2007 मध्ये लस देणं थांबवावं लागलं. ‘शक्ती वाढते’ ऐकलं की माणूस समजतो, आता आपल्याला होत नाही. ‘प्रतिसाद’च लिहा, हात जोडून सांगते.

भरणीचा_ऊस: बूस्टरला आमच्याकडं शब्द हाय की! उसाला खताचा लागणीचा, म्हंजे ऊस लावतानाचा डोस आणि भरणीचा डोस. पहिल्यानं मूळ धरतं. चार-साडेचार महिन्यांनी खत घालून बुडाला माती चढवायची, ती भरणी. पहिली लस लागणीची, दुसरी भरणीची.

रंकाळाकाठ: दादा, ‘भरणी’ फार आवडलं. पण एचआयव्हीच्या पत्रकात ‘लागणीचा डोस’? लस टोचूनच लागण होते ही भीती आधीच आहे. लसीत अख्खा विषाणू नसतो, त्याचे थोडेच अंश असतात, हे समजावताना अर्धी बैठक जाते.

जुना_मास्तर: दोन्ही लागणी ‘लागणे’तूनच आल्या. रोप मातीला लागतं, रोग माणसाला. आणि ‘लस’ तरी काय, जखमेतून पाझरते तीही लसच. आमची आजी लस टोचली म्हणत नसे, ‘देवी काढल्या’ म्हणे.

लॅबवाली: देवी इथंही आहेत, सर! 2009 मध्ये पुणे आणि चेन्नईत एचआयव्हीच्या लसींची चाचणी सुरू झाली, तिच्यात आधी डीएनएची लस होती आणि नंतरची एमव्हीएची. एमव्हीए म्हणजे देवीच्या लसीतलाच विषाणू, आणखी दुबळा केलेला.

जुना_मास्तर: हे ठाऊक नव्हतं. मग ‘देवी काढणे’ पत्रकात एकदा तरी येऊ द्या, म्हाताऱ्यांना लगेच कळेल. ‘पेशीय’चा आग्रह मात्र सोडत नाही.

रंकाळाकाठ: सध्या असं लिहिलंय: ‘पहिल्या लसीने टी-पेशींना विषाणूची ओळख होते, दुसऱ्या लसीने त्या ओळखीला भरणी मिळते’. भरणी ‘मिळते’ की ‘होते’?

भरणीचा_ऊस: भरणी करत्यात. ‘मिळते’ कोण म्हणत न्हाई.

वारणाकाठ: आमच्याकडं तिला मोठी बांधणी म्हणतात. भरणी म्हणजे लोणच्याची बरणी वाटेल.

भरणीचा_ऊस: बरणी येगळी, भरणी येगळी! करवीर, राधानगरीत कुणालाबी इचारा.