बुलेटला साइडकार: शनिवारी लावायची, सोमवारी काढायची?

ए-१०४ (स. ८.१२): नमस्कार सोसायटीकर मंडळी. माझ्या बुलेटला, म्हणजे रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०ला, साइडकार (बाजूला जोडायची एका चाकाची बैठक) बसवायचा विचार आहे. आईला गुडघ्यांमुळे मागच्या सीटवर बसता येत नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला एकटाच जातो, तेव्हा काढून ठेवायची आणि शनिवार-रविवार लावायची. जमेल का? सी-३०१ काका, बी-२०२ दादा, जरा सांगा.

बी-२०२ (८.२०): काढायला दोन माणसं, वीस-पंचवीस मिनिटं. लावायला पाऊण तास. अडचण वेळेची नाही. दर वेळी सेटिंग होतं तसंच परत बसायला हवं, खरी गोम तिथे आहे.

सेक्रेटरी (८.२३): कृपया लक्षात घ्यावे, साइडकारसकट गाडीची रुंदी दीड मीटरच्या वर जाते. दुचाकीच्या खान्यात मावणार नाही.

ए-१०४ (८.२४): हो साहेब, आमच्या कारच्या खान्यातच लावणार. कार विकतोय.

सी-३०१ (८.४१): सुरुवात पकडींपासून कर, म्हणजे साइडकारच्या दांड्या गाडीला जिथे जोडतात त्या जागांपासून. चार ठिकाणी पकड हवी. दोन खाली, इंजिनच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या जवळ. दोन वर, एक हँडलच्या मानेखाली आणि एक सीटखाली. तीन पकडींवर भागवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आता गाडीखाली वाकून बघ. इंजिनच्या खालून चेसिसचे पाइप जात नसतील, इंजिनच मधला दुवा असेल, तर खालच्या पकडी थेट तिथे लावायच्या नाहीत. आधी सबफ्रेम, म्हणजे खालून जोडायचा जास्तीचा सांगाडा, करून घ्यायची. चेसिसला वेल्डिंग करायचं नाही, नुसता यू-बोल्टही (यू आकाराचा वाकवलेला बोल्ट) आवळायचा नाही. यू-बोल्टखालचा रंग दबतो, पकड सैल होते आणि महिनाभरात क्लॅम्प पाइपवर फिरायला लागतो. दोन तुकड्यांचा, पाइपच्या मापाचा कोरलेला क्लॅम्प घे. बोल्ट १२ मिमी, ८.८ ग्रेडचे.

बी-२०२ (८.४६): गिअरचा खटका डावीकडे आहे हे विसरू नका. पुढच्या खालच्या पकडीला बूट अडकला तर गिअर बदलताना रोज वैताग. आणि साइड स्टँड निघणारच, तेव्हा स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा स्विच गाडीला असेल तर स्टँड काढल्यावर त्याचं काय करायचं ते इलेक्ट्रिशियनला आधीच विचारा.

ए-१०४ (८.५२): काका, यूट्यूबवर सगळीकडे साइडकार उजवीकडे दिसते.

सी-३०१ (८.५५): ते रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशांतले व्हिडिओ. उराल ही साइडकारवाली मोटरसायकल मूळची रशियाची, म्हणून तिची साइडकार उजवीकडे. आपल्याकडे डावीकडे. त्यांनी 'डावं' म्हटलं की आपण 'उजवं' समजायचं, वळणांच्या बाबतीतसुद्धा.

सी-३०१ (९.१८): आता मापं. लिहून ठेव, यातच सगळा खेळ आहे.
एक, साइडकारचं चाक गाडीच्या मागच्या चाकाच्या थोडं पुढे हवं. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या १० ते २० टक्के. तुझ्या गाडीचं अंतर १३९० मिमी आहे, म्हणजे १४० ते २८० मिमी. २०० च्या आसपास ठेव. कमी ठेवलंस तर उजव्या वळणावर गाडीचं मागचं चाक लवकर हलकं होतं. जास्त ठेवलंस तर हँडल जड होतं आणि टायर घासतात.
दोन, टो-इन, म्हणजे साइडकारचं चाक पुढच्या बाजूला किंचित गाडीकडे वळलेलं. ॲल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाइप घ्यायचे. एक गाडीच्या दोन्ही चाकांना टेकवून, दुसरा साइडकारच्या चाकाला टेकवून. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असतो, म्हणून पुढच्या चाकापाशी फरकाच्या निम्मी पट्टी घालायची, नाहीतर सगळंच माप तिरपं येतं. दोन पाइपांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोज आणि मागच्या चाकाच्या मागे मोज. पुढचं १५ ते २० मिमी कमी यायला हवं.
तीन, गाडी साइडकारपासून बाहेर, म्हणजे उजवीकडे, १ ते २ अंश झुकलेली हवी. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप मागच्या ब्रेकच्या डिस्कवर टेकवलं की कळतं. हे माप चालवणारा सीटवर बसलेला असतानाच घ्यायचं. झुकाव बदलला की टो-इन हलतं, म्हणून परत दुसऱ्यावर यायचं. दोन-तीन फेऱ्या होतात.

डी-५०२ (९.२६): मुद्दाम वाकडी का ठेवायची पण?

सी-३०१ (९.३१): रस्त्याला कडेकडे उतार असतो, आपण डाव्या कडेने चालतो आणि वर डावीकडचं चाक मागे ओढतं. हे सगळं मिळून गाडी डावीकडे जाते. उजवीकडचा झुकाव ते फेडतो. सरळ रस्त्यावर ४० च्या वेगाने बघायचं. डावीकडे ओढली तर झुकाव थोडा वाढव, उजवीकडे ओढली तर कमी कर. टायरच्या खाचांच्या कडा एका बाजूने करवतीसारख्या झाल्या, तर टो-इन चुकलंय.

ए-१०४ (९.३८): आणि हे दर शनिवारी करायचं?

बी-२०२ (९.४७): नाही! म्हणूनच सेटिंगचे आटे आणि काढायची जागा वेगवेगळी ठेवायची. दांड्यांच्या टोकाला आय-बोल्ट (डोक्याला भोक असलेले बोल्ट) असतात, त्यांच्या आट्यांवर लांबी ठरते. एकदा जमलं की चेकनट (आटे हलू न देणारा दुसरा नट) घट्ट आणि त्यावरून दांडीपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, काहीतरी फिरलं. काढताना फक्त गाडीकडच्या टोकाचा बोल्ट काढायचा, आट्यांना हात नाही.
काढायचा क्रम: फरशी सपाट हवी. वायरिंगचा प्लग आणि ब्रेकची जोडणी आधी सोडा. साइडकारच्या आतल्या कडेखाली, म्हणजे गाडीकडच्या बाजूला, जॅक. तिला चाक एकच आहे, मोकळी झाली की ती कड धाडकन खाली येते. गाडीखाली लाकडी ठोकळे, आणि उजवीकडे एक माणूस गाडी धरून. मग वरचे दोन बोल्ट, मग खालचा मागचा, शेवटी खालचा पुढचा. लावताना बरोबर उलट. चारही बोल्ट हाताने बसल्याशिवाय एकही आवळायचा नाही. बोल्ट हातोडीने ठोकावा लागला तर थांबा, जॅक वर-खाली करा, भोकं आपोआप समोर येतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) परत वापरायचे नाहीत. दर आठवड्याला काढणार असाल तर कॅसल नट (खाचा असलेला) आणि त्या खाचेतून घालायची नवी स्प्लिट पिन बरी. लावल्यावर ५० किमीला सगळं परत आवळा.

सी-३०१ (१०.०५): माझं मत मात्र वेगळं आहे. दर आठवड्याला काढू नकोस. एक तर साइडकारवर मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो, तोच टायर सोमवारी वळणावर गाडी झोपवू देत नाही. पकडीचे तुकडे डावीकडे खाली लोंबत राहतात, गाडी तिरपी केली की घासतात. स्प्रिंगा कडक करून घेतल्या असतील, तर एकट्याला गाडी आपटत नेते. चढासाठी पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं असेल, तर एकटा जाताना इंजिन उगाच ओरडतं.
आणि सगळ्यात मोठी गोष्ट सवयीची. दुचाकी झोपवून वळते. साइडकार हँडल ओढून वळवावी लागते, ती झोपतच नाही. पाच दिवस एक आणि दोन दिवस दुसरं केलंस, तर चूक शनिवारच्या पहिल्या वळणावर होणार.

बी-४०५ (१०.१४): कागदपत्रांचं मी सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२७)मध्ये मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरली आहे. पण कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) तपशिलात बदल होत असेल तर परवानगी लागते. तेव्हा गाडीला हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आईंनाही हेल्मेट लागेल हं, साइडकार मोटरसायकलचाच भाग धरली आहे.

ए-१०४ (१०.१९): धन्यवाद ताई. काका, ब्रेकचं काय? गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे.

सी-३०१ (१०.२७): एबीएसच्या पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घालून साइडकारचा ब्रेक जोडायचा नाही. त्या चाकाला वेगळा मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा) किंवा केबलचा ड्रम, आणि त्याचं पेडल गाडीच्या पेडलशेजारी, एकाच बुटात दोन्ही येतील असं. साइडकारला ब्रेकच नसला तर ब्रेक मारताना ती पुढे ढकलते आणि गाडी उजवीकडे फिरते, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. रेस दिली की उलट, डावीकडे.
रिकामी असताना डाव्या वळणावर साइडकार उचलते. २५-३० किलो वाळूची पोती चाकाच्या रेषेत, डाव्या कडेला, बांधून ठेव. अगदी पुढे ठेवू नकोस. उजव्या वळणावर जोरात ब्रेक मारलास तर नाक खाली जातं आणि गाडीचं मागचं चाक हलकं होतं. साइडकार उचललीच तर घाबरून ब्रेक नाही, हँडल थोडं सरळ करायचं, बसते खाली. मोकळ्या मैदानात डावीकडे गोल फेऱ्या मारून हे हाताला बसव. तोवर आईला बसवू नकोस.

बी-४०५ (१०.३३): आणि एक. साइडकारची सीट जमिनीपासून जेमतेम फूटभर असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत उतरणं सोपं, बाहेर येणं अवघड. आईंना एकदा तेवढ्या उंचीच्या पाटावर बसवून उठायला सांगा.

ए-१०४ (१०.५८): ताई, आत्ताच आईला बसवून बघितलं. हाताला आधार नसेल तर उठता येत नाही.

बी-२०२ (११.०३): मग दरवाजाची बॉडी बघा, वरून पाय टाकायची नको. सीटखाली चार इंच उंचीचा चॅनेल देता येईल, पण वजन वर गेलं की उचलायची भीती वाढते, तेवढी वाळू वाढवा. आतून उजवीकडे धरायला दांडा लावून देतो. उतरताना डावीकडे फूटपाथ येतो, ते बरं.

ए-१०४ (११.१०): ठरलं. काढ-घाल नाही, कायमची लावतो आणि ऑफिसला बस. आधी आरटीओ.

सी-३०१ (११.१२): पाइप विकत घेऊ नकोस. माझ्याकडे दोन मीटरचे दोन आहेत, सरळ आहेत. ओळंबाही आहे.

सेक्रेटरी (११.१५): पार्किंगमध्ये वेल्डिंग चालणार नाही. जॅक ठेवताना फरशीवर फळी टाकावी ही विनंती.