अनुभव धागा: धंद्यात तुम्हाला कोणी शिकवलं, आणि नेमकं काय?

धंदा काढणाऱ्याला सल्ला फुकट मिळतो आणि पोत्याने मिळतो, म्हणून इथे सल्ले नकोत. ठाणे-नवी मुंबईच्या मंडळींनी स्वतःचं लिहावं: कोण भेटलं, काय दाखवलं, त्याने हिशेबात काय फरक पडला. 'जिद्द सोडू नका' छाप प्रतिसाद फाट्यावर मारले जातील. सुरुवात मीच करतो.

वागळे इस्टेटमध्ये माझं सीएनसी जॉबवर्क, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे पार्ट करून देतो. तासाचा रेट कसा काढायचा ते शेजारच्या गाळ्यातल्या काकांनी शिकवलं. भाडं, वीज, मशीनचा हप्ता, ऑपरेटरचा पगार यांची बेरीज कोणीही करतो. खरी गोम भागाकारात. २६ दिवस गुणिले ८ म्हणजे २०८ तास कागदावर. सेटिंग (नव्या कामासाठी मशीन लावून घेणं), लाइट जाणं, मालाची वाट बघणं वजा करा, समजा १३० उरले. खर्च १,०४,००० धरला तर २०८ ने भागून तास ५०० ला पडतो, १३० ने भागलं तर ८००. काकांनी आधी मशीन खरंच किती तास चाललं त्याचं लॉगबुक ठेवायला लावलं, रेटचं नंतर. छोट्या लॉटला सेटिंग चार्ज वेगळा लावायचा हेही त्यांचंच. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण देतं.

नौपाड्याची मसालेवाली: माझे गुरू वाशीच्या मसाला मार्केटमधले एक दलाल. पहिल्या भेटीत भाव सांगितलाच नाही, मिरची मुठीत दाबायला दिली. कुडकुड वाजली नाही तर ओल आहे. म्हणजे मिरचीच्या भावात पाणी घेतलं, आणि वाळवल्यावर वजन घटणार. "ताई, ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, दोन्हीचा हिशेब वेगळा मांडा," असं म्हणायचे. हंगामात घेऊन तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला टाकायचं गणितही त्यांनीच मांडून दिलं. भाडं जाऊन परवडलं तरच घ्या, हे बजावून.

ऐरोलीकर: पॅकिंगचा माल एका मोठ्या कंपनीला देतो. पैसे चार-चार महिने लटकायचे. परचेसमधून रिटायर झालेले एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, नोटीस पाठवू नकोस, ऑर्डर जाईल. उद्यम नंबर (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) प्रत्येक बिलावर छाप आणि फेब्रुवारीतच थकबाकीची यादी त्यांच्या अकाउंट्सला दे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात पैसे द्यायला ४५ दिवसांची मर्यादा आहेच. पण २०२३-२४ पासून मुदत उलटलेलं बिल मार्चअखेर थकलं, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. तिथे मात्र अकाउंट्सवाले हलतात. तेव्हापासून मार्च बरा जातो.

कळव्याचा सीए: ऐरोलीकर, ४५ दिवस लेखी करार असेल तरच, नाहीतर १५. आणि नुसत्या ट्रेडिंगवाल्यांनी हुरळू नये, उद्यम नोंदणी असली तरी हे संरक्षण त्यांना नाही.

महापेचा कोडवाला: आमच्याकडे उलटी तऱ्हा. मेंटॉर उदंड, प्रत्येकाची दिशा वेगळी. एकाने तर दुसऱ्याच भेटीत कंपनीत हिस्सा मागितला. आमच्या वकीलबाईंनी सुचवलं, द्यायचाच तर एकदम नको. काम होईल तसा दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि मध्येच सोडलं तर उरलेला रद्द. हे लेखी मागितल्यावर साहेबांचा फोन बंद.

रबाळे प्लॅस्टिक: मला माल रिजेक्ट करणाऱ्या क्वालिटी इन्स्पेक्टरने शिकवलं. फी भरपूर घेतली.

नवीन सभासद: ठाण्यात पोळी-भाजी केंद्र काढतेय. असं कोणी गाठायचं कसं? ओळख नाही.

नौपाड्याची मसालेवाली: 'मार्गदर्शन करा' म्हणू नकोस, माणूस पळतो. एकच प्रश्न घेऊन जा. एका पोळीमागे कणीक, गॅस, मजुरी किती, ते वहीत मांडून दाखव आणि चुकलंय कुठे ते विचार. आपल्याच गल्लीतल्या केंद्राकडे नको, ते कशाला सांगतील? ऐरोली-कोपरखैरण्याला जा. दुपारी तीननंतर, गर्दी ओसरल्यावर.