आधी बाँब, मग मतदान: अमेरिकेत युद्धाचा निर्णय नेमका कुणाचा?

पाणवठा

२७ जून २०२५ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट सिनेटर टिम केन यांचा ठराव ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. इराणवर पुढे हल्ले करायचे असतील तर आधी काँग्रेसची, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेची, परवानगी घ्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. रिपब्लिकनांतून एकटे रँड पॉल बाजूने उभे राहिले, डेमोक्रॅटांतून एकटे जॉन फेटरमन विरोधात गेले. आणि हे मतदान कधी? मिसुरीतल्या तळावरून उडालेल्या सात बी-२ बाँबफेकी विमानांनी फोर्दो आणि नतांझ या इराणच्या अणुकेंद्रांवर चौदा बाँब टाकून पाच दिवस झाल्यावर. एकेक बाँब साडेतेरा टनांचा. वरातीमागून घोडं.

माझा राग ट्रम्पपेक्षा काँग्रेसवर जास्त आहे, म्हणून हा धागा.

१७८७ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात राज्यघटनेच्या मसुद्यावर चर्चा चालली होती. मसुद्यात ‘युद्ध करण्याचा’ अधिकार काँग्रेसकडे होता. मॅडिसन आणि गेरी यांनी तो शब्द बदलून ‘युद्ध जाहीर करण्याचा’ असा करवून घेतला. कारण सरळ होतं: अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्ष मोकळा हवा. आपणहून युद्धात उतरायचं की नाही, हे मात्र लोकप्रतिनिधींनी ठरवायचं. काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, लिबिया. एकाही युद्धाची रीतसर घोषणा नाही.

व्हिएतनामचे चटके बसल्यावर १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून कायदा केला. सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत कळवा, परवानगी मिळाली नाही तर ६० दिवसांत आटपा, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने सैन्य परत बोलवावं, अशीही त्यात सोय होती. १९८३ मध्ये स्थलांतराच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सहीशिवायचे असे ठराव घटनाबाह्य ठरवले आणि ती सोय गेली. आता युद्ध थांबवणारा ठराव सहीसाठी त्याच माणसाकडे जातो ज्याने युद्ध सुरू केलं. २०२० मध्ये तेच झालं. इराणबद्दलचा केन यांचाच ठराव सिनेटने ५५ विरुद्ध ४५ ने मंजूर केला, पुढे प्रतिनिधिगृहानेही केला, ट्रम्प यांनी फेटाळला आणि दोन तृतीयांश मतं जमली नाहीत.

म्हणजे सुरू करायला कुणाचंच मत लागत नाही, थांबवायला दोन तृतीयांश लागतात. घटना लिहिणाऱ्यांना नेमकं याच्या उलट हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?

सह्यकडा

अजिबात पटलं नाही.

ही विमानं जवळजवळ अठरा तास उडून इराणवर पोचली. चकवा म्हणून काही बी-२ उलट दिशेने पॅसिफिककडे पाठवली होती. काँग्रेसच्या ५३५ सदस्यांत आधी खुली चर्चा घेतली असती तर तो चकवा कुणाला फसवणार होता? फोर्दो डोंगराच्या पोटात आहे. तिथलं सामान हलवायला आठवडा मिळाला तर हल्ल्याला अर्थ उरत नाही.

दुसरं. ट्रुमन कोरियात काँग्रेसला न विचारता गेले, छत्तीस हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. क्लिंटन यांनी १९९९ मध्ये सर्बियावर ७८ दिवस बाँब टाकले. ओबामा २०११ मध्ये लिबियात ६० दिवसांची मुदत उलटल्यावरही थांबले नाहीत. तेव्हा गप्प बसलेले आज घटना वाचायला लागले.

आणि आपल्याकडे ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं. त्याआधी लोकसभेत मतदान घ्या असं कुणी म्हणालं का? मी तरी म्हणालो नाही. शत्रू समोर असताना एकाच माणसाच्या हातात लगाम असावा लागतो.

पाणवठा

ओबामांबद्दल शंभर टक्के सहमत. अमेरिकी सैनिक जमिनीवर नाहीत, समोरून मार बसत नाही, म्हणून लिबियातल्या कारवाईला कायद्याच्या अर्थाने ‘लढाई’ म्हणता येत नाही, असं त्यांच्या सरकारने सांगितलं होतं. बाँब खाली पडत होते, तरी लढाई नाही! आजच्या सरकारला ही पळवाट आयती मिळाली आहे. पक्षाचा प्रश्नच नाही.

गुप्ततेचं म्हणाल तर तारीख, वेळ, मार्ग गुप्त ठेवायलाच हवेत. पण ‘इराणशी लढायचं का’ हा प्रश्न गुप्त कुठे होता? प्रतिनिधिगृहातले थॉमस मॅसी आणि रो खन्ना यांनी त्यावरचा ठराव १७ जूनलाच मांडला होता, हल्ल्याच्या आधी. १९९१ चं आखाती युद्ध आठवा. सौदीच्या वाळवंटात पाच लाख सैनिक उभे होते. १२ जानेवारीला सिनेटने सगळ्या जगासमोर ५२ विरुद्ध ४७ ने परवानगी दिली आणि पाच दिवसांत विमानं उडाली. सद्दामला सगळं ठाऊक होतं, तरी हरला.

मिशिगनकर

मी इथे चोवीस वर्षं आहे, आता नागरिक आहे, मतदान करते. सप्टेंबर २००१ मध्ये मी नुकतीच शिकायला आले होते. ११ तारखेच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांत काँग्रेसने लष्करी कारवाईला परवानगी देणारा ठराव केला, जेमतेम साठ इंग्रजी शब्दांचा. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण द्यावं लागलं. वसतिगृहाच्या टीव्हीसमोर बसून मीही म्हणाले होते, ही बाई काय करतेय?

त्या म्हणत होत्या की हा कोरा चेक आहे. पुढे त्याच साठ शब्दांवर आयसिसविरुद्धची लढाई चालवली गेली. आयसिस २००१ मध्ये अस्तित्वातही नव्हती! इराकसाठीचा २००२ चा ठरावही तसाच. सद्दाम २००६ मध्ये फासावर गेला आणि २०२० मध्ये इराणचे सेनाधिकारी कासिम सुलेमानींना मारल्याचं समर्थन करताना सरकारने त्याच ठरावाचा आधार घेतला. तेव्हाही तो रद्द झालेला नव्हता.

त्यामुळे पाणवठा, काँग्रेसने मतदान केलं की सगळं ठीक होतं असं मला वाटत नाही. घाबरलेल्या सभागृहाने दिलेलं मत वीस वर्षं मानगुटीवर बसतं. परवानगी द्या, पण तिला मुदत घाला, देश घाला, शत्रूचं नाव घाला.

खडीसाखर

माझा धाकटा भाऊ दोह्यात एसी दुरुस्तीचं काम करतो. २३ जूनला संध्याकाळी इराणने अल उदैदच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा तो गच्चीवर होता. आकाशात उजेड दिसला, मग आवाज. कतारने त्याआधीच हवाई हद्द बंद केली होती. आई रत्नागिरीत रात्रभर फोन धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी युद्धबंदीची बातमी आली तेव्हा ती आधी अंघोळीला गेली, मग देवापुढे बसली.

मी सह्यकडांच्या बाजूची आहे, पण माझं कारण वेगळं आहे. वॉशिंग्टनमध्ये महिनाभर चर्चा चालली असती तर आखातातली आमची माणसं महिनाभर टांगणीला लागली असती. एका रात्रीत झालं, दोन दिवसांत मिटलं. कुणी ठरवलं यापेक्षा लवकर संपलं हे आमच्यासारख्यांना मोठं वाटतं.

पाणवठा

ताई, भाऊ सुखरूप आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. पण दोन दिवसांत मिटलं ते इराणने हल्ल्याची आगाऊ कल्पना दिली म्हणून. ट्रम्प यांनीच त्याबद्दल त्यांचे आभार मानले. उद्या समोरचा तेवढा सांभाळून वागला नाही तर? व्हिएतनाममध्ये लढायची मुभा देणारा टोंकिन ठराव १९६४ मध्ये प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ० ने असाच झटपट झाला. संपायला अकरा वर्षं लागली.

सह्यकडा, भारताशी तुलना मला मान्य नाही. आपला पंतप्रधान लोकसभेचा विश्वास असेपर्यंतच पंतप्रधान. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षं जवळजवळ अढळ. म्हणून तिथे आधी विचारण्याची अट हवी. १९६२ मध्ये चीनशी लढाई चालू असताना वाजपेयींनी अधिवेशन मागितलं आणि नेहरूंनी बोलावलं.

सह्यकडा

आणि १९९९? एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. लोकसभा विसर्जित. कारगिल आपण काळजीवाहू सरकारच्या हाताने लढलो. विरोधक राज्यसभेचं अधिवेशन मागत होते, तेही झालं नाही. कुठे होता सभागृहाचा विश्वास? तरी टायगर हिल परत घेतली.

पाणवठा

हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. फक्त एवढंच, कारगिलमध्ये शत्रू आपल्या डोंगरावर येऊन बसला होता. मॅडिसन यांनी राष्ट्राध्यक्षासाठी जी जागा मोकळी ठेवली, ती अशाच वेळेसाठी. फोर्दोतून २२ जूनला अमेरिकेवर काय चालून येत होतं?

ओसरी

एक साधा प्रश्न. मतदान आधी झालं असतं तरी ५३ विरुद्ध ४७ च झालं असतं ना? मग फरक काय?

पाणवठा

कदाचित तसंच झालं असतं. पण ‘पुढचे हल्ले थांबवू नका’ म्हणणं वेगळं आणि ‘हल्ला करा’ म्हणून सही करणं वेगळं. २००२ मध्ये ७७ सिनेटरांनी इराकसाठी हात वर केले. हिलरी क्लिंटन यांना २००८ च्या उमेदवारीत त्या मताचा जाब द्यावा लागला, बायडेन यांना पुढे कितीतरी वर्षं. त्यातून बाकीचे एकच गोष्ट शिकले: मतच देऊ नका, नामानिराळे राहा. युद्ध जिंकलं तर टाळ्या वाजवायच्या, फसलं तर आम्हाला विचारलंच नव्हतं म्हणायचं. यावरच माझा राग आहे.

मिशिगनकर

सोमवारी आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करणार आहे. २००१ चा ठराव रद्द करायला तुम्ही मत देणार का, एवढं विचारणार. आमच्या राज्यातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांच्या मतदारसंघात जे मराठी लोक असतील त्यांनीही विचारावं.

सह्यकडा

जरूर करा. त्याच फोनवर माझाही प्रश्न विचारा: उद्या पहाटे दोनला खरंच राष्ट्राध्यक्षांना परवानगी लागली, तर काँग्रेस ती किती तासांत देणार?

मिशिगनकर

विचारते. जे उत्तर मिळेल ते इथेच लिहिते.