पानकिड्यांची पेटी प्रेक्षकांना रिकामी वाटते, काय करावे?

प्रश्न: दालनरक्षक

नमस्कार. एका निसर्गविज्ञान संग्रहालयातील जिवंत कीटकांच्या दालनाची व्यवस्था मी पाहतो. परिसराशी एकरूप होऊन लपणारे कीटक हा दालनाचा विषय असून काचेच्या तीन उंच पेट्यांमध्ये पानकिडे, भारतीय काडीकिडे आणि ऑस्ट्रेलियातील काटेरी काडीकिडे ठेवलेले आहेत. बहुतेक प्रेक्षक पेटीसमोर क्षणभर थांबतात, ‘यात तर काहीच नाही’ असे म्हणतात आणि पुढे जातात. काल एका लहान मुलीने वडिलांना विचारले, “किडे मेले का?” त्या वेळी तिच्या नाकासमोर, काचेपासून चार बोटांवर, पानकिड्याची पूर्ण वाढलेली मादी फांदीला उलटी लटकत होती.

प्रत्येक किड्याच्या दिशेने काचेवर बाण चिकटवावेत किंवा पेटीमागे पांढरा पडदा लावावा, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. त्यामुळे दालनाचा विषयच नाहीसा होईल असे मला वाटते. परंतु माणसे काहीही न पाहता परत जातात, हेही मनाला लागते. अशी दालने सांभाळलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: शलभ

बाण लावू नयेत, याचे पहिले कारण व्यावहारिक आहे. हे कीटक निशाचर असल्याने रात्री चरायला फिरतात आणि सकाळी भलत्याच फांदीवर स्थिरावतात, त्यामुळे आज लावलेला बाण उद्या रिकाम्या पानाकडे बोट दाखवील. काही जण दिव्यांचे वेळापत्रक उलटे करून दिवसा मंद लाल प्रकाश ठेवण्याचा सल्ला देतात. त्याने हालचाल दिसते हे खरे, पण लाल उजेडात हिरवे पान आणि हिरवा किडा दोन्ही काळपट दिसतात. ज्या रंगासाठी हे दालन उभारले तोच मग कोणाला दिसणार नाही.

माझ्या मते फलकावर केवळ संख्या लिहावी: ‘या पेटीत सात पानकिडे आहेत.’ एकदा संख्या कळली की माणूस मोजू लागतो आणि मोजण्यासाठी त्याला थांबावेच लागते. त्याच्या जोडीला नजर कुठे ठेवावी हेही सांगावे. पानकिड्याच्या पोटाची कड कुरतडलेल्या, करपलेल्या पानासारखी असते, पण त्या ‘पानाला’ पाय असतात. काडीकिडा विसावताना पुढचे दोन्ही पाय समोर सरळ ताणतो. त्या पायांना बुडाशी असलेल्या बाकात डोके इतके नेमके बसते की ते कोठे आहे हे कळत नाही. भारतीय काडीकिड्याच्या प्रौढ मादीच्या पुढच्या पायांच्या बुडाशी आतून लाल डाग असतो. पाय मिटलेले असताना तो झाकलेला राहतो, पण पाय उचलला की एकदम डोळ्यांत भरतो.

काटेरी काडीकिड्याची पेटी तर तुमच्याकडची सर्वांत मोठी ठेव आहे, कारण या एकाच जातीत तीन सोंगे पाहायला मिळतात. अंडे बियाणासारखे दिसते आणि त्याच्या टोकाशी असलेल्या खाण्याजोग्या गाठीच्या मोहाने मुंग्या ते वारुळात ओढून नेतात. अंड्यातून निघालेले काळ्या अंगाचे, नारिंगी डोक्याचे पिल्लू मुंगीसारखेच लगबगीने धावते. आणि मोठेपणी त्याचे वाळक्या पानांच्या गुंडाळीसारखे रूप होते. जमल्यास ही अंडी एका बशीत, भिंगाखाली, खऱ्या बियांशेजारी मांडावीत.

प्रतिसाद २: हिरवीफांदी

शलभ यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, परंतु पांढऱ्या पडद्याची कल्पना मी सरसकट नाकारणार नाही. लपणे हा एकट्या किड्याचा गुण नाही. तो किडा आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यातील नात्यातून घडतो. हे समजायला तुलना हवी. एका छोट्या चौथ्या पेटीत तीच जात, खाण्यापुरती एक डहाळी आणि मागे फिकट पडदा ठेवावा, बाकीच्या पेट्यांना हात लावू नये. छोट्या पेटीतला किडा नीट पाहिलेला प्रेक्षक मोठ्या पेटीकडे वळला की त्याची नजर तयार झालेली असते. ज्यांची दृष्टी अधू आहे, त्यांना तर या पेटीवाचून दालनात पाहण्यासारखे काहीच उरत नाही. मात्र पेटी छोटी म्हणून बुटकी करू नये. कात टाकताना किडा उलटा लटकून जुन्या त्वचेतून खाली सरकतो, त्यामुळे त्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंची हवी, अन्यथा नवे अंग वाकडे वाळते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. काटेरी काडीकिडे झुळूक लागली की वाऱ्यावरच्या पानांसारखे डोलतात. ठरावीक वेळी झाकणाच्या जाळीतून अगदी हलका वारा सोडून पाहावा.

प्रतिसाद ३: जुनावाचक

काचेवर टिचक्या मारणे थांबवण्याची सूचनाही फलकावर असावी. हादऱ्याने हे किडे अधिकच निश्चल होतात, म्हणजे टिचकी मारणाऱ्याला हवे त्याच्या नेमके उलटे घडते. हाताळताना पायाला धरून ओढले तर किडा तो पाय सोडून देतो. पिल्लाला पुढच्या काती टाकताना तो पुन्हा फुटतो, पण प्रौढ कात टाकत नसल्यामुळे त्याचा पाय कायमचा जातो.

दालनरक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संख्येचा फलक आज सकाळीच लावला. दुपारी एक आजोबा आणि त्यांचा नातू पानकिड्यांच्या पेटीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांना सहा सापडले. सातवा मलाही सापडेना, म्हणून दालन बंद झाल्यावर विजेरी घेऊन पेटीतले एकेक पान तपासले. तो दारालगतच्या फांदीवर होता, आणि त्याच्या पाठीवर दुसऱ्याच किड्याने कुरतडलेल्या पानाचा तुकडा पडला होता. चौथ्या पेटीचा प्रस्ताव उद्या वरिष्ठांपुढे ठेवतो.