मदत हवी आहे: मूळ 'हेवन'मधून डान्स आवृत्तीत कसं जायचं?

ब्रायन ॲडम्सचं 'हेवन' आणि डीजे सॅमी, यानू आणि डो यांची, २००२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली युरोडान्स आवृत्ती डीजे मिक्समध्ये सलग वाजवायची आहेत. मूळ साधारण ७० बीपीएम (मिनिटाला ठोके), दुसरी १३८च्या आसपास; म्हणजे इकडच्या एका ठोक्यात तिकडचे दोन. मूळ गाणं ६९वर आणलं की वेग जुळतो, पण मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर सूर जवळपास पाव सेमीटोन उतरतो. खरी अडचण बीटग्रिडची, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांची. मूळ गाण्यातले ड्रम माणसाने वाजवलेले, त्यामुळे ग्रिड हळूहळू सरकतं. दर ८ बारला (बार म्हणजे इथे चार ठोके) ग्रिड पुन्हा जुळवणारा मार्कर लावणं पुरेसं आहे का, की ४ बारला लावावा? शिवाय दोन्हींचा बास एकत्र आला की नुसता चिखल होतो. मूळचा लो ईक्यू (बास कमी-जास्त करणारं बटण) १६ ठोके आधीच कापावा, की थेट डान्स आवृत्तीची किक (बास ड्रम) सुरू होते तिथेच?