मला काहीच झालं नाही, तरी आरोग्यवाले मलाच का विचारायलेत?

जिंतूरकर: परवा एकादशीला गावात सप्त्याचा फराळ होता. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, केळी. दोनेक तासांत आईला गरगरायला लागलं, हात थरथरायले, मग उलट्या. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून सलाईन लावलं. आता ती बरी आहे. पण काल आरोग्य केंद्राची माणसं आली अन् अर्धा तास मलाच विचारत बसली. काय खाल्लं, किती वाजता, पाणी कुठलं. मी वैतागून "सगळंच खाल्लं" म्हणालो. कशाला हे?

निवृत्त आरोग्य सेवक, हिंगोली: आई बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. बाळा, तू बरा आहेस म्हणूनच विचारलं. आजारी पडलेल्या सगळ्यांनी भगर खाल्लेली असते, आमटीही खाल्लेली असते, टाकीचं पाणीही पिलेलं असतं. नेमकं कशानं झालं, ते बरे राहिलेल्यांच्या ताटावरून कळतं.

वेळही म्हणूनच विचारतात. एक ते सहा तासांत नुसत्या उलट्या असल्या तर स्टॅफिलोकोकस जंतूनं अन्नात आधीच तयार केलेल्या विषाचा संशय येतो. ताप आणि जुलाब 6 ते 72 तासांत आले तर साल्मोनेला जंतूचा. गरगर आणि थरथर म्हटलं की आपल्या भागात आधी भगर आठवते. तिच्यावर अस्परजिलस बुरशी धरते, फ्युमिगाक्लेविन नावाचं विष तयार होतं.

एका गावात सगळे विहिरीला दोष देत होते. पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. पण ब्लीचिंग पावडर मागाहूनही पडलेली असू शकते, तेवढ्यावर विहीर सुटत नाही. मग ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "मला भगर सोसत नाही, मी खिचडीच खाल्ली." पाणी तेच पिली होती, अन् ठणठणीत. तिथून आम्ही भगरीकडं वळलो. तोवर पातेली घासून पालथी घातलेली, उरलेली भगर उकिरड्यावर. नमुना मिळालाच नाही. ते मला अजून सलतं.

आशाताई, वसमत: काका बरोबर सांगायलेत. उरलेलं अन्न, कच्ची भगर, पोतं, दुकानाची पावती, काही फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुना घेतात. अन् कुणाला पुन्हा उलट्या झाल्या तर घरी थांबू नका.

जिंतूरकर: आत्ताच आचाऱ्याला फोन केला. अर्धं पोतं त्याच्या घरी आहे, हात लावू नका म्हणालो. अन् काका, मी भगर खाल्लीच नव्हती. खिचडी अन् दोन केळी. सकाळी केंद्रात जाऊन वहीत दुरुस्त करून येतो.