स्वमग्न मुलांच्या बाबतीत ‘सेल्फ-हार्म’ला मराठीत काय म्हणावं?

देवगड : स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांसाठी पत्रक लिहितेय. ‘आत्मघात’ लिहू की ‘स्वपीडन’? आमच्याकडच्या आया तर सरळ सांगतात, ‘कपाळ आपटता’, ‘हात चावता’.

रत्नागिरी : ‘आत्मघात’ नकोच, वाचणाऱ्याला आत्महत्याच वाटेल. मरायचा हेतू नसलेली इजा संशोधक वेगळी धरतात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, ती ‘पुढील अभ्यासासाठी’ म्हणून स्वतंत्र नोंदली आहे. तरी ‘मरायचं नव्हतं ना, मग सोडा’ असंही नाही. इजा करून घेणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला दिसतो. ‘स्वतःला इजा करून घेणं’ लिहा. लांबलचक आहे, पण कळतं. ‘स्वपीडन’ तर व्याकरणाच्या पेपरातलं वाटतं!

मालवण : ताई, वाडीत याला ‘हट्ट’ म्हणतात, नाहीतर ‘बाधा’ समजून देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं घाला, पण आधी कान, दात, पोट तपासा. बोलता न येणारं पोर दाढ ठणकली तरी डोकं आपटतं.

रत्नागिरी : हो काका. पण पत्रक तेवढ्यावर थांबलं तर कॉलेजातली स्वमग्न मुलगी सुटते. ती नीट बोलते, मार्क मिळवते, दिवसभर चारचौघांसारखं वागायची धडपड करते आणि इजा करते ती दाराआड. संशोधक सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वमग्न प्रौढांचा अभ्यास छापला. त्यात स्वतःला इजा करणं, स्वमग्नपण झाकणं आणि हवी ती मदत न मिळणं, या तिन्हींचा आत्महत्येच्या विचार-वर्तनाशी संबंध दिसला.

देवगड : त्या झाकण्याला ‘सोंग’ चालेल?

मालवण : सोंग म्हटलं की शिमग्यातला संकासूर! शिवाय ‘सोंगं करतंय’ म्हणजे पोर लबाड ठरलं. तुमचं ‘झाकणं’च बरं.

देवगड : मग असं लिहिते : ‘मूल स्वतःला इजा करून घेत असेल तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याआधी काय झालं ते बघा : आवाज, गर्दी, दुखणं, ठरलेल्यात बदल. मोठी मुलं लपवतात. त्यांना न रागावता थेट विचारा.’

रत्नागिरी : छान. ‘थेट विचारा’ ठळक छापा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसतं ते भरतं, ही भीती घरोघरी आहे आणि ती निराधार आहे. खाली टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर टाका, तिथे मराठीत बोलता येतं.